खारा चहा

उणे एकतीस. उलानबातरच्या उत्तरेकडच्या टेकडीवर
धूर वर जात नाही, छपरांवरच बसून राहतो.
माझ्या पिशवीत टेस्टर, चिकटपट्टी, नोंदवही.
दुलमाच्या गेरला, नमद्याच्या भिंतीत,
ताटलीएवढं काळं भोक, त्यातून आकाश दिसतं.

आत शिरताना उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो.
मी दिला नाही. तेवढंच बरोबर केलं,
पण ते नंतर.

ती सांगू लागली,
शिलाई मशीनचं चाक हाताने फिरवत:
रात्री वीज स्वस्त, म्हणून हीटर,
मशीन, भाताचा कुकर, तेमूलेनचा चार्जर,
सगळे एकाच पट्टीला,
एका घोडीला चार शिंगरं लुचावीत तसे.

"आधी वास आला. माशाचा.
मासा आमच्याकडे कोण खातं?
म्हणून मान वर केली."
पट्टीचं प्लास्टिक सायीसारखं सुरकुतलेलं,
एक निळा चट्टा, चर्र,
मग ज्वाळा, मांजराच्या जिभेएवढी.

चुलीवर चहाची कढई होती, दुधाची, मिठाची.
तिने उचललीही.
आणि आई आठवली,
जिने जन्मभर बजावलं,
अग्नीवर पाणी ओतायचं नाही,
तो रुसतो, घर सोडून जातो.
हात तिथेच थिजला.

मी वायरमन. अग्नीचे रुसवे मला कळत नाहीत.
एवढं कळतं की पाण्यातून वीज चालत येते
आणि मिठाच्या पाण्यातून धावत.
कढई ओतली असती
तर ज्वाळा विझायच्या आत
ती दुलमाच्या मनगटाशी पोचली असती.
हे तिला सांगितलं.
"म्हणजे आई बरोबर होती."
हो, म्हटलं. कारण चुकीचं, पण हो.
"कारण तुझं चुकीचं असेल."

पोराला आधी बाहेर ढकललं, कोटासकट, बुटांविना.
मग दाराजवळची पेटी.
मेन स्विच हाताने नाही,
कोरड्या लाटण्याने खाली पाडला.
अंधारात ज्वाळा एकटी उरली,
आता साधी आग, कुणाच्याही घरातली.
बर्फावर टाकायला ठेवलेली वाळू
बादलीत कोरडी होती, हे नशीब.
ओंजळभर नव्हे, अख्खी बादली,
आणि वर जुन्या नमद्याचा जाड तुकडा,
चारी काठ गुडघ्यांनी दाबून.
किती वेळ धरलास?
"तेमूलेन बाहेर रडायचा थांबेपर्यंत."
स्विच पुन्हा वर केला नाही.
तीन रात्री कोळशावर काढल्या,
माझी वाट बघत.

मी पट्टी उचलली. वाळू अजून खोबणीत.
मागची वायर सोलली, आणि तिथे सांधा:
दोन तारांना पीळ,
वर दवाखान्यातली चिकटपट्टी,
पांढरी, जखमेवरची.

ही मी पाहिली होती.
ऑक्टोबरात, दारातूनच.
खाली गाडी सुरू, ड्रायव्हर हॉर्न देत होता.
दुलमाच्या नावापुढे 'ठीक' लिहिलं,
त्याखाली सही.

तिने त्याच कढईतून वाटी भरली,
उजव्या हाताने पुढे केली,
डावा हात कोपराला लावून.
दुलमा, ऑक्टोबरात मी...
"आधी पी. गार झाला की तुपकट होतो."
मी प्यायलो. मीठ जास्त होतं,
किंवा जिभेलाच तसं वाटलं.

तेमूलेन माझ्या टेस्टरकडे बघत होता.
ह्यात दिवा कधी लागतो?
वीज असली की.
आत्ता?
मी खोबणीत टोक घालून दाखवलं. नाही लागला.
त्याने स्वतःही एकदा घालून बघितलं,
मला न विचारता,
आणि मी ओरडलो, उगाच, फार जोरात.

मग नोंदवही उघडली. ऑक्टोबरचं पान.
बाहेरून आणलेलं पेन गारठलेलं, शाई उतरेना.
ते तोंडाजवळ धरून
मी वाफ देत राहिलो.